राउटरचं बटण

"तुला ह्यात खरंच मजा येते का गं?" नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी बाबांच्या धायरीच्या घरात, राउटरखाली फरशीवर मांडी घालून बसले होते आणि लॅपटॉपवर 'पोर्ट फॉरवर्डिंग' नावाच्या पानाशी भांडत होते. मजा कसली डोंबलाची! पाठ धरली होती, चहा गार झाला होता.

"येते," मी म्हटलं. "तू जा आणि भाजी घेऊन ये."

ह्यामागचं कारण त्याला ठाऊक होतं. आई माझ्या धाकट्या बहिणीकडे बंगळूरला राहायला गेली आणि तिथे बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं, पण आई पलंगावरून उठेना. व्यायाम करून घ्यायला बाई आली की डोळे मिटून पडायची. "चालून जायचंय कुठे?" म्हणायची. धायरीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आपण आता तिथे परत जात नाही, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. डॉक्टरांनी बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं, आत्ता चालल्या नाहीत तर पुढे चालणार नाहीत.

बाबा ऑपरेशनला गेले होते, पण "जावयाच्या घरी किती राहायचं?" म्हणून परत आले. आणि फोनवर ह्या दोघांचं बोलणं म्हणजे काय? "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" "जेवलो. ठेवतो." व्हिडिओ कॉल लावून दिला तर बाबांचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसायचा.

एकदा आईनं मला विचारलं, "कढीलिंब जगलाय का गं?"

"छान आहे."

"तुम्ही सगळे मला बरं वाटावं म्हणून सांगता."

मला असा राग आला! कढीलिंब खरोखरच छान होता. मग म्हटलं, थांब, आता घरच दाखवते तुला.

माझ्याकडे एक जुना कॅमेरा पडून होता. त्याचं ॲप कंपनीनं बंद केलेलं, पण कॅमेरा ठणठणीत. तो बाल्कनीत लावला. आता बंगळूरहून तो दिसायचा तर राउटरला पटवायला हवं. राउटर म्हणजे सोसायटीचा वॉचमनच. बाहेरच्या कुणालाही आत सोडत नाही. त्याला सांगून ठेवायचं, अमुक नंबर सांगत कुणी आलं तर सरळ बाल्कनीतल्या कॅमेऱ्याकडे पाठव. आणि कॅमेऱ्याला पासवर्डची दणकट कडी घालायची, म्हणजे भलताच कुणी डोकावणार नाही. एवढंच. पण हे एवढंच होता होईना. शेवटी कळलं की इंटरनेटवाल्यांनी आमच्यासकट कितीतरी घरांना मिळून एकच पत्ता दिलाय, त्यामुळे आमच्या वॉचमनपर्यंत कुणी पोचतच नाही. फोन केला.

"मॅडम, नेट चालू आहे ना? मग प्रॉब्लेम काय आहे?"

मी त्यावर जे बोलले ते इथे लिहीत नाही. आम्हाला स्वतंत्र पत्ता मिळाला.

खात्री करायची तर घरच्या वायफायवर उपयोग नाही, बाहेरचं नेट हवं. मी मोबाईल घेऊन जिन्यात गेले. पडद्यावर चक्र फिरलं आणि बाल्कनी दिसली. कुंड्या, कढीलिंब, दोरीवर बाबांचा बनियन.

"आलं! आलं!" मी ओरडले.

बाबा आतून धावत आले. "काय आलं? पाणी?"

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मजा आली. अगदी नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बहिणीनं टॅबवर आईला बाल्कनी लावून दिली. थोड्या वेळानं आईचा फोन. "तुळशीला पाणी जास्त घालतायत. सांग त्यांना." आवाजाला धार होती. आई कितीतरी दिवसांनी कुणावर तरी चिडली होती. येरवड्याला माझं ऑफिस आहे, तिथल्या कॅन्टीनमध्ये बसून मी चक्क रडले.

पण चालायचं नाव नाही. आणि त्यात दुपार झाली की चित्र गायब! बहीण कामावर, आई एकटी, नेमकी तेव्हाच बाल्कनी बंद. मी इंटरनेटवाल्यांचा उद्धार केला. अर्धी रजा टाकून शहराच्या ह्या टोकाहून त्या टोकाला गेले, तर मी पोचेपर्यंत सगळं व्यवस्थित. डोकं फिरायची वेळ आली.

मग एका रविवारी मी बाबांकडे जेवायला थांबले. ताटं उचलली. बाबांनी गॅसचं बटण बघितलं, स्वयंपाकघरातला दिवा घालवला, हॉलचा पंखा बंद केला आणि त्याच हातानं, त्याच लयीत, राउटरचं बटणही खाली केलं. जन्मभर हा माणूस दुपारी झोपण्याआधी घरातली सगळी बटणं बंद करत आलाय.

"बाबा! ते का बंद केलंत?"

"दुपारी कोण वापरतंय? उगाच जळतं."

"अहो, आई बघते! एकटी पडून बघत असते ती. मी इकडे कंपनीवाल्यांच्या नावानं खडे फोडतेय, आणि तुम्ही..."

बाबांचा हात बटणावरच थांबला. "दुपारीसुद्धा बघते?"

"दुपारीच जास्त."

"बरं," म्हणाले आणि बटण चालू केलं. माझा विश्वास नव्हता, म्हणून मी त्यावर चिकटपट्टी मारून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात आईचा फोन. "अगं, हे झोपलेले नाहीत."

मला पटेना. माझे बाबा दुपारी झोपत नाहीत? घरात पाहुणे बसलेले असले तरी आत जाऊन झोपणारा माणूस तो! मी मोबाईलवर बाल्कनी उघडली. बाबा कुंड्यांशेजारी, आईच्या बुटक्या स्टुलावर बसले होते. हातात पेपर नाही, काही नाही. नुसते खाली गेटकडे बघत होते. कॅमेरा झाडांसाठी लावलाय म्हणजे आपण त्यात दिसत नाही, असा त्यांचा समज असावा.

"रोज असेच बसत असतील का गं?" आईनं विचारलं.

मी पडद्यावरचं चित्र बोटांनी मोठं केलं.

"वेडबिड लागलंय का ह्या माणसाला?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. मग नाक ओढून म्हणाली, "ती व्यायामवाली बाई किती वाजता येते, विचार जरा तुझ्या बहिणीला."

त्या संध्याकाळी आई वॉकर धरून दारापर्यंत गेली. काही दिवसांनी हॉलपर्यंत. मग एकेक पायरी.

आई धायरीला आली तेव्हा बाबा प्लास्टिकची खुर्ची घेऊन तिच्या मागून जिना चढले. प्रत्येक वळणावर खुर्ची मांडायची, ती बसेल, दम घेईल, मग उचलायची. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घरात शिरल्यावर आई आधी बाल्कनीत गेली, कढीलिंबाचं पान चुरगळून हुंगलं आणि म्हणाली, "पाणी जास्तच झालंय."

जेवणं झाली. बाबा उठले. गॅस बघितला, दिवा घालवला, पंखा बंद केला. मग राउटरवरची माझी चिकटपट्टी टराटरा ओढून काढली आणि बटण खाली केलं. मी ती चिकटपट्टी उचलून कचऱ्यात टाकली.

थोड्या वेळानं आतल्या खोलीतून घोरणं ऐकू यायला लागलं. आईनं हळूच विचारलं, "झोपले?"

"झोपले," मी म्हटलं.