गणपतरावांचं ताट

माझं पहिलं पुस्तक आमच्या आष्ट्यात फार गाजलं, पण त्यात माझा काही वाटा नाही.

नव्वदीतली गोष्ट. पुस्तक मुलांसाठी होतं. शंभर वर्षांपूर्वीची यमुना, पोरी शिकणार म्हटलं की अंगावर येणारं गाव, आणि सगळ्यांना पुरून उरणारे एक थोर गुरुजी. गुरुजींना मी प्रेमानं वडिलांचं नाव दिलं: गणपतराव. (आमचे अण्णा इतके थोर, की पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागायचा!)

प्रकाशन मुलींच्या शाळेत ठरलं. पहिलं प्रकरण वाचणार होती आई, साठीला टेकल्यावर साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेली! आठ दिवस ती कोपऱ्यात बसून मनातल्या मनात सराव करत होती. चारचौघांत वाचून दाखवायचं, एवढाच ध्यास.

आई खणखणीत सुरू झाली. "यमुना पाटी घेऊन निघाली. वाटेत तिला..." आणि थांबली. पुढचा शब्द गणपतराव! चाळीस वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. हे मला आठवलं कधी? पुस्तक छापून झाल्यावर, त्या क्षणी!

"...ह्ये भेटले," आईनं रेटलं. "मग ह्येंनी सवताचं ताट सवता धुतलं..." तिनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "काय बी लिवतोस व्हय रं!"

मुली खिदळल्या. मुख्याध्यापिका कुजबुजल्या, "मावशी, अक्षर अडतंय का? मी वाचू?"

पुढच्या रांगेतली पोरगी शेजारणीला म्हणाली, "आज्जीला वाचाय येत न्हाई गं."

आईचा चेहरा उतरला. मी उठणार, तेवढ्यात तिनं पदर खोचला.

"येतंय की वाचाय! ग-ण-प-त-रा-व!"

"ओ!" तिसऱ्या रांगेत अण्णा ताडकन उभे राहिले.

टाळ्या थांबेनात. आई हसत होती, डोळे पुसत होती. पुढं प्रत्येक ठिकाणी ते नाव तिनं दणकून वाचलं आणि अण्णा दर वेळी निम्मे उठले. आईचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

घरी जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "गणपतराव, ताट!"

अण्णा उठले आणि ताट घेऊन मोरीकडं गेले. माझी बायको हे सगळं बघत होती. तिनंही मला नावानं हाक मारली.

पुस्तक लिहायला मला दोन वर्षं लागली. ताट घासायला लागून तीस झाली, तरी बायको अजून म्हणते, "कडेला पिठलं राहिलंय, लेखक!"