राखणीची भाकर

"याला दुपारी भाकर कुणी टाकली?"

"मी टाकली," द्वारका भांडी घासता घासता म्हणाली. "दुधात कुस्करून. दात कुठंयत त्याला?"

"किती बारी सांगायचं? कुत्र्याला एकच भाकर, दिवस बुडाल्यावर. भरल्या पोटी कुत्रं झोपतं, आन् लांडगा मेंढरू नेतो."

"आत्याबाई, हर्सुलात कुठला लांडगा?"

आक्काबाईनं सुनेकडं पाहिलं नाही. तिचा जन्म मेंढरांमागं गेला होता. मेंढरं कोंडून झाली की मग कुत्र्याला भाकर, ही तिच्या सासऱ्यापासूनची रीत. पुढं तिचे गुडघे गेले, पोराला, मुंजाबाला, शेंद्र्याच्या कारखान्यात काम लागलं आणि घर शहरात, हर्सूलच्या दोन खोल्यांत आलं. जनावरं सांभाळणाऱ्या संस्थेची बाई हे म्हातारं कुत्रं बरं होईस्तोवर ठेवून गेली, तेव्हा आक्काबाईला पुन्हा हाताला काम मिळालं. त्याचा मालक बंगल्याला कुलूप घालून निघून गेला होता, कुत्रं अंगणात साखळीलाच. साखळी मानेत रुतलेली. आक्काबाईनं कडूलिंबाच्या पाण्यानं जखम धुतली, गोचिड्या वेचल्या. मानेवर नवे केस आले.

चारदा थोडं थोडं खायला घाला, असं बाईनं बजावलं होतं. आक्काबाई नुसती 'व्हय' म्हणाली होती. आज सकाळी डॉक्टरनं वजन केलं. आणलं तेव्हापेक्षा कमी भरलं. बाई रागावली नाही. "रविवारी नेते त्याला," एवढंच म्हणाली.

"नेऊ दे माय," जेवता जेवता मुंजाबा म्हणाला. "घरभर वास सुटलाय. उद्या इथं मेलं तर आपल्याच माथी."

"मरतंय कशानं? रातभर टक्क जागं असतं. असं राखणीचं कुत्रं गल्लीत दुसरं नाय."

"उपाशी कुणाला झोप येती?" द्वारका म्हणाली. "आन् राखायचं काय त्यानं? मेंढरं तर यांनी कवाच इकली."

मेंढरांचं नाव या घरात कुणी काढत नसे. मुंजाबाचा घास हातातच राहिला.

दिवस बुडत होता. पडवीतलं कुत्रं भाकरीच्या वासानं उठलं. मागचे पाय लटपटले, ते भिंतीला टेकलं, पुन्हा उठलं आणि उंबऱ्याशी येऊन थांबलं. नव्या केसांखाली एकेक बरगडी दिसत होती. ते भुंकलं नाही, नुसतं आक्काबाईकडं बघत राहिलं.

आक्काबाईनं आपल्या ताटातली भाकर दुधात कुस्करली. खोलीतल्या कोपऱ्यात घोंगडी अंथरली, वाडगं तिच्यापाशी ठेवलं आणि कुत्र्याला पोटाखाली हात घालून उंबऱ्याच्या आत घेतलं. तिच्या घरात कुत्र्यानं कधी उंबरा ओलांडला नव्हता.

"माय, हे काय?" मुंजाबा म्हणाला.

"रविवारी त्या बाईला माघारी लाव. चारदा मी खाऊ घालीन. आजपासून ह्यो हितं आत निजंल. ज्याला वास येतो, त्यानं पडवीत निजावं."