साखरपुड्याच्या दिवशी विकलेला कारखाना

वडिलांनी निरगुडसर गावभर सांगून ठेवलं होतं, होणारा जावई सरकारी कारखान्यात आहे. कारखाना दूर, परराज्यात. तिथं बॉक्साइटच्या लाल दगडातून ॲल्युमिना नावाची पांढरी पूड काढतात. तिचंच पुढे ॲल्युमिनियम होतं. कारखाना सरकारने सुरू केला हे खरं, पण मुलगा नोकरीला लागायच्या आधीच एका कंपनीला विकलाही होता. वडिलांनी तेवढा भाग सोयीस्करपणे गिळला.

साखरपुड्याला मांडव भरला. सासरची साडी नेसून मी पाटावर येऊन बसले आणि नेमकं तेव्हाच माझ्या मामांनी मोबाइलमधून डोकं वर काढून मुलाला विचारलं.

"भाऊ, तुमचा कारखाना इकला म्हनं आज?"

खोडदहून आलेली मुलाकडची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मुलगा उठून उभा राहिला.

"व्हय. सकाळीच कळलं. दुसऱ्यांदा इकला."

"दुसऱ्यांदा? सरकारी व्हता ना?" मामांनी वडिलांकडे रोखून बघितलं. वडिलांचा चेहरा उतरला. "बरं, आता मालक कोन?"

"आमाला बी न्हाई सांगितलं अजून."

"आन् नोकरी?"

"ऱ्हाईल का जाईल, काय सांगता येत न्हाई."

मुलासाठी आणलेल्या अंगठीची डबी मामांनी उचलली आणि खिशात टाकली. "मालक कळू द्या. मग बघू."

मला राग आला. लग्न माझं मोडत होतं आणि मला कोणी विचारतही नव्हतं! मान खाली घालून बसणं आपल्याला कधी जमलं नाही.

"कारखाना बंद पडलाय का?" मी थेट मुलालाच विचारलं. बायकांमध्ये कुजबुज झाली.

"न्हाई. मालक कुनी बी असू द्या, बंद ठेवता येत न्हाई. टाक्यांतलं ढवळायचं थांबलं का पूड तळाला बसून दगड व्हती. मग बसा फोडत."

"मग आज तुमच्या जागंला कोन हाय?"

"कामावरला जोडीदार. सोताची पाळी करून माजी बी करतोय. त्याच्या नोकरीचं बी काय खरं न्हाई."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. स्वतःच्या उद्याचा पत्ता नसलेला एक माणूस याच्या साखरपुड्यासाठी तिकडे टाकीपाशी उभा होता. असे मित्र जोडणारा माणूस मला हवा होता, मालक कोणी का असेना.

मी मामांपुढे हात केला.

"मामा, डबी द्या. यांना लवकर माघारी जायचंय. तो मानूस कवाचा उभा हाय."