मधला समुद्र

आमच्या घरी दोन गोष्टी कधी टाकल्या जात नाहीत. एक, दुकानातून आलेल्या पिशव्या आणि दुसरी, प्रवासातले किस्से. दोन्ही कुठंतरी कोंबून ठेवतो, आणि कपाट उघडलं की सगळं अंगावर येतं. परवा नातीनं फोनवर विचारलं, "आजी, क्रूझला केबिन कुठली घ्यायची?" तिला बिचारीला एका वाक्यात उत्तर पाहिजे होतं. मी दोन तास बोलत बसली.

तर ऐका. आमचं मंडळ म्हणजे तीन जोडपी. आम्ही जबलपुरात महाराजपुरचे, आमचे हे तेव्हा रेल्वेत गार्ड. गावंडे आणि त्यांची सिंधू, गावंडे तिथल्या सरकारी दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून नुकतेच रिटायर झालेले. आणि अधारतालचे देवतळे भाऊजी आणि त्यांची कुसुम. भाऊजी त्याच फॅक्टरीत तोफगोळ्यांच्या इन्स्पेक्शनला. गोळा यांच्या हातून पास झाल्याशिवाय बाहेर जायचा नाही.

हिंडण्यात आम्ही मुरलेले. काठमांडू झालं, लंका झाली, बोटीनं अंदमान झालं. पण गंमत पाहा, सगळ्या ट्रिपा आखायचे देवतळे भाऊजी, आणि ते स्वतः एकदाही आले नव्हते! दरवेळी ऐन वेळी त्यांची सुट्टी अडायची. अन् ते नाहीत म्हणून कुसुमही नाही. आम्ही परत आलो की दोघं नवराबायको आमचे फोटो समोर ठेवून बसायची आणि भाऊजी आम्हालाच सांगायचे की फोटोच्या उजवीकडे काय होतं.

* * *

अंदमानच्या वेळी मात्र आम्ही शहाणपणा केला. भाऊजी म्हणाले होते, "बोटीत मधली केबिन घ्या, खालची घ्या, इंजिनपासून दूर." आमचे हे म्हणाले, "हो रे बापा, तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली मी. मला हलण्याचं काय सांगतो?" आणि घेतली एकदम मागची.

तीन दिवस. मी आणि सिंधू एका बादलीवर दोघी. यांचा चेहरा हिरवा. परत आल्यावर कुसुमनं मोठ्या हौसेनं विचारलं, "मंदा, चारी बाजूंनी पाणीच पाणी, कसं दिसतं गं?"

मी म्हटलं, "समुद्र कुठला पाहते बाई, मी बादली पाहिली."

सगळे हसले. कुसुम नाही हसली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. काहून ते मला तेव्हा समजलं नाही.

* * *

समजलं कारगिलच्या आदल्या वर्षी. कुसुमच्या डोळ्यांचा पडदा कधीपासूनच झिजून राहिला होता. नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, उपाय नाही. नळीतून पाहावं तसं तिला दिसायचं. मधलं दिसे, आजूबाजूचं नाही, आणि ती नळी महिन्यामहिन्यानं बारीक होत होती. "जे बघायचं ते वर्षभरात बघून घ्या," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन भाऊजींनी विचारलं, "सांग, काय बघायचं?"

माणूस ताजमहाल म्हणेल, नातवंडं म्हणेल. कुसुम म्हणाली, "समुद्र. किनाऱ्यावरचा नाही. मधला. आणि तुमच्यासोबत."

मला अजूनही त्या बाईचं नवल वाटतं. नळीएवढं दिसत होतं, आणि मागितलं काय तर जगातलं सगळ्यात रुंद.

* * *

मग भाऊजी लागले जहाज निवडायला. एजंटकडून तीन जहाजांची पुस्तकं आणली. जेवणाचे, नाचगाण्याचे रंगीत फोटो त्यांनी उलटून टाकले आणि शेवटच्या पानावरचा मजल्यांचा नकाशा घेऊन बसले. हातात भिंग आणि व्हर्नियर. व्हर्नियर म्हणजे ते केसाएवढं अंतर मोजायचं माप, फॅक्टरीत गोळ्याला लावतात ते!

लिफ्ट कुठं, स्वयंपाकघर कुठं, नाचायचा हॉल कोणाच्या डोक्यावर येतो, सगळं मोजलं. एजंट कंटाळला. "भैयाजी, सब केबिन एक जैसे हैं."

भाऊजी मान वर न करता म्हणाले, "बेटा, एक जैसे तो दो गोले भी नहीं होते. मैं रोज़ नापता हूँ."

त्यानंतर ॲटलास काढला. जहाजाच्या गच्चीवरून किती लांबचं दिसतं याचं गणित मांडलं. दोन जहाजं किनारा धरून जाणारी, ती बाद केली. तिसरं सिंगापूरहून निघून फुकेट आणि पेनांग करून परत येणारं. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते आठ. या दोन तासांत कोणत्याच बाजूला जमीन दिसणार नाही. हेच."

आजवर मी इतक्या लोकांना क्रूझ निवडताना पाहिलं. कोणी खाणं बघतो, कोणी खरेदी. फक्त दोन तासांसाठी जहाज निवडणारा माणूस मी एकच पाहिला.

* * *

फॅक्टरीवाल्याला परदेशी जायला ऑफिसची परवानगी लागते. फॉर्मात एक रकाना होता, विदेश जाने का प्रयोजन. भाऊजी खोटं लिहिणारा माणूसच नाही. सुवाच्य अक्षरात लिहिलं, "समुद्र देखना."

बाबूनं फॉर्म परत केला. "देवतळे जी, समुद्र तो अपने यहाँ भी है."

"अपने यहाँ किनारा है. बीच वाला नहीं है."

बाबू चक्रावला. कागद वर गेला, आणखी वर गेला. ऑफिसात पैज लागली की आता हा अडकला. आठवड्यानं कागद खाली आला. मोठ्या साहेबांनी शेरा मारला होता, "आवेदक का कथन सही है. अनुमति दी जाए."

कुसुमनं त्या कागदाला हळदीकुंकू लावलं. मी डोळ्यांनी पाहिलं.

* * *

आम्हा सहाही जणांची जूनची तिकिटं होती. आणि मे महिन्यात कारगिल पेटलं.

जबलपुरात लढाई टीव्हीवर दिसायच्या आधी भोंग्यावरून कळते. फॅक्टरीचा भोंगा अवेळी वाजायला लागला, पाळ्या वाढल्या, रविवार संपला. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. भाऊजींना वेगळं सांगावंच लागलं नाही. त्यांनी स्वतःच तिकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "तिकडं पोरं पहाड चढून राहिली. गोळ्याची वाट पाहून राहिली. मी समुद्र पाहू?"

कुसुम म्हणाली, "मग मी पण नाही जात. पुढच्या वर्षी जाऊ."

पुढच्या वर्षी काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आमचे हे उठून बाहेर व्हरांड्यात गेले. मला तर त्या लढाईचा, त्या भोंग्याचा, सगळ्याचाच असा राग आला!

भाऊजी मात्र शांत. म्हणाले, "कुसुम, गोळा मी तपासतो. तो उडताना मी कधी पाहिला का? कोणीतरी दुसरं पाहतं, येऊन सांगतं, मला पुरतं. तू पाहून ये. मग मला सांग."

"सांगता नाही आलं तर?"

"येईल. मी ऐकून घेतो."

ती रात्रभर रडली असावी. सकाळी मला फोन आला, "मंदा, स्वेटर लागतो का गं जहाजावर?"

* * *

तर आम्ही पाच जण निघालो. आता गावंड्यांचं ऐका.

सदतीस वर्षं फॅक्टरीत. रोज सुटताना गेटवर झडती. हात वर, डबा उघडा, पुढे चला. पहिल्या बंदराला उतरायच्या वेळी जहाजाच्या दारात युनिफॉर्ममधली एक पोरगी उभी. युनिफॉर्म पाहिला आणि गावंड्यांचे दोन्ही हात आपोआप वर! एका हातात पोळीभाजीचा डबा, झाकण उघडं.

मागे पन्नास माणसं. त्यांना वाटलं नियमच असेल. एकेक करून सगळ्यांनी हात वर केले. गुजराती गेले, पंजाबी गेले, एक जर्मन जोडपं होतं त्यांनीही केले.

ती पोरगी घाबरली. "सर, आर यू सरेंडरिंग?"

गावंडे म्हणाले, "नो मॅडम. ड्यूटी ओव्हर."

* * *

त्याच्या आधी, जहाज निघायच्या दिवशी, जीव वाचवायची कवायत होती. भोंगा झाला की नारिंगी जाकीट घालून अमुक मजल्यावर जमायचं. भोंगा झाला. सगळं जहाज जाकिटं घालून उभं. मोजणीत दोन माणसं कमी!

अधिकारी शोधत फिरले. गावंडे आणि सिंधू जेवणाच्या हॉलमध्ये, रिकाम्या टेबलाशी, मांडीवर रुमाल पसरून बसलेले. सिंधू त्या अधिकाऱ्यालाच म्हणाली, "भैया, खाना लगाओ, भोंपू तो हो गया."

अख्ख्या जन्मात भोंगा झाला की तिनं ताट वाढलं. तिला बुडणं कसं आठवेल?

* * *

आमच्या यांचंही सांगते, नाहीतर म्हणतील दुसऱ्यांचंच सांगते. जहाज सुटताना हे घड्याळ धरून उभे. "वीस मिनिटं लेट." संध्याकाळी कप्तानाशी हात मिळवायचा कार्यक्रम होता, तिथं यांनी गार्डाच्या रुबाबात विचारलंच, गाडी लेट का सोडली.

कप्तान हसून म्हणाला, भरतीची वाट पाहत होतो.

यांनी घड्याळ खिशात ठेवलं. जेवताना म्हणाले, "मंदे, इथं सिग्नल चंद्र देतो गं. त्याला लेट कोण लिहिणार?"

तीस वर्षांत त्या माणसाला मी इतकं नम्र झालेलं पाहिलं नव्हतं.

* * *

दुसरा दिवस, सकाळचे सहा. कुसुम पाचपासूनच तयार. मी तिचा हात धरून गच्चीवर नेलं. भाऊजींनी सांगितलं होतं, अगदी मध्यभागी उभं कर, कठड्याशी नको. उभी केली आणि हात सोडला.

समोर पाणी. ती पाहत राहिली. मग हळूच थोडी उजवीकडे वळली. आणखी थोडी. तिला एका वेळी नळीएवढंच दिसत होतं ना, म्हणून ती तुकड्यातुकड्यानं वळत गेली. आरती झाल्यावर आपण स्वतःभोवती फिरतो, तशी. पण किती सावकाश! एक फेरी पूर्ण करायला तिला पंधरावीस मिनिटं लागली असतील. योगासनं करणारे लोक थांबले. एका म्हाताऱ्या चिनी बाईनं तर हात जोडले.

भाऊजींचं गणित केसाएवढंही चुकलं नव्हतं. कुठंच जमीन नव्हती. वर्षभर अधारतालच्या खोलीत बसून, नुसत्या कागदावरून त्यांनी हे शोधलं होतं, आणि स्वतः या वेळी गोळे मोजत होते.

फेरी पुरी झाली तशी कुसुम म्हणाली, "मंदा, कुठंच संपत नाही गं." आणि परत पहिल्यापासून वळायला लागली.

आठ वाजेपर्यंत ती वळत होती. मी खुर्ची आणली, बसली नाही. लांब क्षितिजावर डोंगराची रेघ उमटली तेव्हा मीच बोलली नाही. तिला दिसली तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, "झालं. चला, चहा घेऊ."

नंतरच्या दिवसांत सिंधूनं तिला खोदून खोदून विचारलं. कसं वाटलं? काय वाटलं? कुसुमचं एकच, "आधी यांना सांगते."

* * *

परत आलो तेव्हा गाडी सकाळी जबलपुरात शिरली. भाऊजी प्लॅटफॉर्मवर. पाळी सुटल्याबरोबर आलेले, फॅक्टरीचे निळे कपडे, कोपरापर्यंत तेल, डोळे तांबडे. महिनाभरात निम्मे झाले होते. कुलीनं आमच्या बॅगा डोक्यावर घेतल्या.

भाऊजी म्हणाले, "हं, बोल. कसा होता?"

कुसुमनं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. गाडीभर ती मनाशी काहीतरी जुळवत आलेली मी पाहिली होती. सगळं गेलं.

"नाही सांगता येत जी मला."

भाऊजी उभेच राहिले.

मग ती म्हणाली, "डोळे मिटा."

"इथं?"

"मिटा ना. पाय थोडे फाकवून उभे राहा."

त्यांनी मिटले. कुसुमनं त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि हळूहळू त्यांना एका बाजूला झुकवलं. तिथं क्षणभर थांबली. मग परत आणलं, आणि दुसऱ्या बाजूला झुकवलं. परत थोडी थांबली. ते थांबणं बरोबर तिथल्यासारखंच होतं. मी पाच दिवस त्याच्यावर झोपली होती, मला माहीत आहे. माणसं दोन्ही बाजूंनी जात होती, वळून वळून पाहत होती. चहावाला ओरडत होता. आणि हा करडा इन्स्पेक्टर, ज्याच्यापुढे फोरमन चळाचळा कापायचे, बायकोच्या हातात लहान पोरासारखा डुलत होता. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळून राहिलं होतं.

कुली घाबरला. "साब, तबीयत ठीक है? पानी लाऊँ?"

भाऊजींनी डोळे न उघडता हात वर केला.

"रुको भैया. अभी जहाज़ पे हूँ."