आई वरातीत नाचली तेव्हा

देडतलाईला माझ्या मावसभावाच्या वरातीत आई नाचली. बासष्टाव्या वर्षी, पदर खोचून, डीजेसमोर, अगदी मनसोक्त. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. कुणीतरी व्हिडिओ काढून फेसबुकवर टाकला: 'नवरा गेला, मास्तरीणबाई मोकळ्या झाल्या.'

दोन दिवसांत तो बुऱ्हाणपूरभर फिरला. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते इथे लिहवत नाही. मी घाबरून आईला म्हटलं, "थोडे दिवस बाहेर नको जाऊस."

तिने माझा फोन मागून घेतला, चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचत बसली. एका नावापाशी थांबली. "हा माझ्या वर्गात होता. चौथीला."

त्याचं कापडाचं दुकान आहे. आम्ही भरदुपारी गेलो. तो लगबगीने पाया पडला. "या ना बाई, बसा."

आई बसली नाही. फोन त्याच्यापुढे धरून म्हणाली, "हे तू लिहिलंस. वाच, मोठ्याने."

त्याचा चेहरा उतरला. "बाई, सब लिख रहे थे, तो मी पण..."

"सगळ्यांचं राहू दे. तुझं वाच."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. पहिला शब्द वाचून त्याने गिऱ्हाइकांकडे पाहिलं. आई वाट पाहत उभी. शेवटी तो पुटपुटला, "पुसतो, बाई."

"पूस. आणि चुकलो, असं तिथेच लिही."

त्याने लिहिलं. संध्याकाळपर्यंत लोक त्याच्यावरच तुटून पडले, त्याच्या बायकोलाही सोडलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आईला नाही. तिने माझ्याकडून स्वतःचं खातं उघडून घेतलं आणि त्याच्या 'चुकलो'खाली एका बोटाने टाइप केलं: 'मी त्याची चौथीची बाई. त्याने चूक कबूल केली आहे. त्याला आणि त्याच्या बायकोला शिव्या देऊ नका. नाचणारी मीच. भाच्याचं लग्न होतं, आनंद झाला, नाचले.'

व्हिडिओ टाकणारा कोण ते कळलंच नाही. शिव्याही पूर्ण थांबल्या नाहीत. पण आईच्या त्या चार ओळींखाली जुन्या विद्यार्थिनी येऊ लागल्या, कुणी जसोंडीहून, कुणी पार इंदूरहून. आई प्रत्येकीला उत्तर देते, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर तेही सांगते. मी शेजारी बसून बघते. अशा बाईच्या पोटी जन्मले, याचा मला फार अभिमान वाटतो.