यंत्रापुढे ठेवलेली कॉफी

ज्यानं धैफल्लाकाकांचं जमीद चाखलं नाही, त्यानं जॉर्डनमधल्या करकला येऊन काहीच खाल्लं नाही, असं खुद्द धैफल्लाकाकाच सांगत. जमीद म्हणजे मेंढीच्या ताकाचा चक्का खारवून, उन्हात वाळवून केलेले दगडासारखे टणक गोळे. एकदा त्यातला एक भिरकावून काकांनी कोल्हा पळवला आणि दुसऱ्या दिवशी तोच गोळा धुऊन, भिजवून पाहुण्यांना वाढला. वर पाहुण्यांना तसं सांगितलंही. माणूस असा, की वाया काही घालवायचा नाही आणि खोटं काही बोलायचा नाही.

हा खरेपणाच यंदा अंगाशी आला. कुवेतच्या एका व्यापाऱ्यानं रमजानसाठी ट्रकभर जमीद मागवलं. माल जॉर्डनचाच असल्याचा दाखला जोडला की तिकडे आयात कर माफ. हा दाखला आता मोबाइलवर मिळतो. काकांनी चष्मा पुसून स्वतःच अर्ज भरला. ‘कच्चा माल कोणत्या देशाचा?’ या प्रश्नापाशी मात्र त्यांना खोटं लिहवेना. मेंढ्या हिवाळाभर सौदीत चरतात, कळपाचा एडका सीरियाचा, चक्का बांधायची फडकी इजिप्तची. सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. यंत्रानं डोळ्याचं पातं लवायच्या आत कळवलं: नामंजूर.

ट्रक दुपारी निघणार होता. दाखला नसेल तर व्यापारी माल उतरवून घेणार नव्हता. घरातल्या सगळ्यांची वर्षाची मेहनत त्या ट्रकात.

काकांनी दुसऱ्यांदा अर्ज भरला नाही. त्यांनी जाहा काढली. करकमध्ये मोठं मागणं, मग ते मुलीचं असो की खुनाच्या माफीचं, असंच मागतात. वडीलधारी मंडळी जातात, यजमान कॉफी देतो, आणि ‘मागणं मान्य’ हे शब्द ऐकल्याशिवाय कपाला कुणी ओठ लावत नाही. पाहुणे कॉफी न पिता उठले, तर यजमानाची अब्रू गेलीच म्हणायची.

सोनेरी काठांचे अंगरखे घालून सगळे म्हातारे डिजिटल सेवा केंद्रात शिरले.

“काका, टोकन घेतलंत का?” काउंटरवरच्या लुब्नानं विचारलं.

“आम्ही टोकनवाले नाही, पोरी. जाहावाले आहोत.”

लुब्ना करकचीच लेक. ती धावत जाऊन कोपऱ्यातल्या कॉफी-मशीनमधली कॉफी कागदी कपांत घेऊन आली. म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवले. ते पाहून रांगेतल्या एका बाईनं आनंदाची किलकारी मारली. “मुबारक गं पोरी! मुलगा काय करतो?”

“मुलगा नाहीये, जमीद आहे!” काका खेकसले.

“काका, नामंजूर मी नाही केलं,” लुब्ना काकुळतीला आली. “यंत्रानं केलंय.”

“मग यजमान तोच,” असं म्हणून जाहाचे म्होरके शेख नाइफ यांनी आपला कप उचलून संगणकापुढे ठेवला.

लुब्नानं मुकाट्यानं अर्ज उघडला आणि वाचता वाचता ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. “काका, अहो, यंत्रानं माल कुठला ते विचारलंय. एडक्याचं माहेर नाही विचारलं! दूध कुठं काढता?”

“माझ्या अंगणात.”

“आणि वाळवता?”

“माझ्याच गच्चीवर.”

“मग तेवढंच लिहू या.”

“आणि सौदीचं गवत? ते लपवू?”

“धैफल्ला,” शेख वैतागले, “गवताला पासपोर्ट मागितलाय का कुणी?”

काका हटेनात. शेवटी लुब्नानं खाली शेऱ्यात ‘हिवाळी चराई सौदीत’ असं लिहिलं, तेव्हा कुठे ते खुर्चीला टेकले. थोड्या वेळानं पडदा हिरवा झाला. मंजूर!

“झालं! घ्या आता कॉफी.”

कुणी हललं नाही.

“यंत्रानं हो म्हटलंय ना?”

“म्हटलं कुठं? नुसतं चमकलं,” शेख म्हणाले. “कुणीतरी तोंडानं बोलायला हवं.”

रांग थांबलेली. लुब्ना उठली, छातीवर हात ठेवून खणखणीत आवाजात म्हणाली, “तुमचं मागणं मान्य. कॉफी घ्या.”

काका ट्रकवाल्याला फोन लावत बाहेर धावले. बाकीच्यांनी गार कॉफी एका घोटात संपवली. शेखांचा चेहरा वेडावाकडा झाला.

“धैफल्ला!” त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली. “आणखी काही मागायचं असेल तर आत्ताच माग. ही कॉफी मी पुन्हा पिणार नाही!”