नबीची खुर्ची

फेब्रुवारीतला शुक्रवार, सकाळी दहा. कतारमधल्या अल वक्रातल्या आमच्या मराठी मंडळाचं चित्रप्रदर्शन. भाड्याच्या खुर्च्या चाळीस, भाडं ऐंशी रियाल, माणसंही मला धरून चाळीसच. तरी मी उभा होतो, कारण एका चित्रकाराने एक खुर्ची रिकामी अडवून ठेवली होती.

तो तिथेच चित्र रंगवत होता. कोकणातलं अंगण, पोहे-नारळाच्या मलिद्याचं ताट, ताटापुढे बसलेला म्हातारा. म्हाताऱ्याला चेहरा नव्हता.

"अहो, बसू द्या की," मी म्हणालो.

"नको हां, काका. आम्ही बेने इस्रायल, अलिबागकडचे ज्यू. आमच्यात मलिद्याला एलियाहू नबी येतो. आजी मलिदा करायची, मी दाराकडे बघत बसायचो. आता त्याला समोर बसवल्याशिवाय चेहरा कसा काढू?"

त्याने खुर्चीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि अदबीने म्हणाला, "मान जराशी डावीकडे."

दुपारी खुर्चीवाला आला. एकोणचाळीस खुर्च्या गाडीत चढल्या. मी चाळिसावीला हात घातला.

"थांबा, काका! नाक राहिलंय."

चित्रात डोळे आले होते. ते माझ्या हाताकडे पाहत होते. मी हात काढला आणि खुर्चीवाल्याला त्या एका खुर्चीचे जादा दोन रियाल दिले.